तेलाचा ताळा

मोटार दुरुस्त करणाराच्या कामांत लुडबूड करणें हें निवृत्त शिक्षकाचें काम नव्हे, असें आमच्या घरांतील तरुण मंडळी आम्हांस वारंवार सांगत असते. तें खरेंहि आहे. परंतु या लुडबुडीपायीं आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत जो अनर्थ ओढवून घेतला, त्याची हकीकत आज या सदरांत सांगावयाची आहे. ती वाचून एखाद्या कुटुंबाचे पैसे वांचले, व त्याहून महत्त्वाचें म्हणजे एखाद्या वृद्ध माणसाचे हाल टळले, तर आमची फजिती सार्थकीं लागली असें आम्ही समजूं.

आमचें कुटुंब बारामतीचें. तिघे भाऊ, त्यांचीं मुलें-सुना व नातवंडें अशीं चौदा माणसें एका चुलीवर जेवतात, आणि त्या चौदांमध्यें मोटार एकच. थोरल्या वहिनींचें वय पंचाहत्तरीच्या घरांत आहे. त्यांचें हृदय अशक्त झाल्यापासून दर महिन्यास त्यांना पुण्यास डॉक्टरांकडे न्यावें लागतें. पाटसच्या वाटेनें हा प्रवास सुमारें शंभर किलोमीटरांचा. मोटारींतील हवा थंड करणारें यंत्र, ज्याला आतां लहान मुलेंहि 'एसी' म्हणतात, तें घेतलें तेव्हां आम्हीं 'ही चैन कशाला?' म्हणून नाक मुरडलें होतें. परंतु वहिनींना उन्हाची झळ लागूं देऊं नका असें डॉक्टरांनीं बजावल्यावर तें यंत्र औषधांच्या डब्याइतकेंच आवश्यक होऊन बसलें.

फाल्गुनांत एके दिवशीं पुढच्या गाडीच्या चाकाखालून दगड उडाला व आमच्या मोटारीच्या तोंडाशीं असलेल्या जाळीदार भागावर बसला. दोन दिवसांत एसीचा गारवा नाहींसा झाला. ज्या ठिकाणीं गाडी नेली तेथील कारागिरानें पाहून सांगितलें कीं, कंडेन्सर फुटला आहे, तो बदलला पाहिजे. त्यानें खर्चाचा अंदाज कागदावर लिहून दिला: कंडेन्सर, गॅस, मजुरी, व शेवटच्या ओळींत 'ऑइल'. आम्हीं चष्मा सांवरून त्या ओळीवर बोट ठेविलें.

"इंजिनचं तेल मागच्याच महिन्यात बदललं आहे. आता पुन्हा कशाला?"

"काका, हे एसीचं ऑइल आहे."

"थंड हवेला तेल कशाला लागतं?"

त्या बिचाऱ्यास घाई होती; दुसरीं चार गिऱ्हाइकें खोळंबलीं होतीं. त्यानें वाद न घालतां पेन्सिल आमच्या हातीं दिली, आणि आम्हीं ती ओळ स्वहस्तें खोडली. चारशें रुपये वांचविल्याचा पराक्रम घरीं येऊन आम्हीं दोनदां सांगितला. वहिनींनीं तो दोन्ही वेळां शांतपणें ऐकून घेतला.

वैशाखांत वहिनींस घेऊन आम्ही, आमचा पुतण्या व सूनबाई असे पुण्यास निघालों. सकाळीं सातास निघावयाचें ठरलें होतें, तें चौदा माणसांच्या घराच्या रीतीप्रमाणें अकरास जमलें. उंडवडीच्या माळावर आलों तेव्हां पारा चाळिसाच्या वर असावा. गाडीच्या तोंडाकडून प्रथम किरकिर ऐकूं आली, मग धातू घासल्याचा कर्कश आवाज, व पाठोपाठ जळक्या रबराचा वास. फटका बसल्यासारखा आवाज झाला आणि गाडी थांबवावी लागली. एसीचा कॉम्प्रेसर जागच्या जागीं आवळला होता, व त्यास फिरविणारा पट्टा तुटला होता. त्याच पट्ट्यावर बॅटरी भरणारें यंत्र व इंजिनांतील पाणी फिरविणारा पंप हीं दोन्ही चालत असल्यामुळें गाडी पुढें नेणें शक्य नव्हतें.

माळावर सांवली काय ती एका बाभळीची. वहिनींस घेरी आली, त्यांचे ओठ पांढरे पडले, आणि आम्हांस पाणी शिंपडण्यापलीकडे कांहीं सुचेना. पाऊण तासानें दुधाचा एक टेंपो थांबला. त्याच्या चालकानें वहिनींस स्वतःच्या शेजारीं बसवून बारामतीस रुग्णालयांत पोंचविलें. त्याचें नांवहि विचारावयाचें राहून गेलें. दोन रात्रीं वहिनी रुग्णालयांत होत्या, आणि त्या दोन्ही रात्रीं ती खोडलेली ओळ आमच्या डोळ्यांपुढून हालली नाहीं. पुढें तो कॉम्प्रेसर काढून उलटा केला तेव्हां त्यांतून दोन चमचे काळा, चमचमणारा गाळ निघाला. ती चमक झिजलेल्या धातूची होती.

पश्चात्ताप झालेला मनुष्य बहुधा दुसऱ्या टोकास जातो. आम्ही तसेच गेलों. गाडी या वेळीं दुसऱ्या ठिकाणीं नेली, नवा कॉम्प्रेसर बसविण्यास सांगितलें, आणि वर बजावलें, "तेल भरपूर घाला; पैशाकडे पाहू नका." त्या गृहस्थानें आमचें मन राखलें. याचा परिणाम असा झाला कीं, गाडी चालत असतां थोडा गारवा येई, आणि उभी राहिली कीं कोमट वारा वाहूं लागे. गॅस कमी पडला असेल म्हणून आणखी गॅस भरविला, तों होता तो गारवाहि गेला. आधीं तेल नव्हतें म्हणून यंत्र मोडलें. आतां तेल भरपूर असून यंत्र चालेना. व्याकरणांत अपवादाला अपवाद निघाला म्हणजे विद्यार्थ्यांचे चेहरे जसे होतात, तसा आमचा चेहरा झाला असावा.

अशा स्थितींत इंदापूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. हा मुलगा संस्कृतांत कच्चा व गणितांत मध्यम होता. पुढें त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत शीतकरणाचें शिक्षण घेतलें व इंदापुरांत मोटारींच्या एसींचें काम करूं लागला. काटेवाडी, सणसर, लासुर्णें, निमगांव केतकी अशा पालखीच्या वाटेनें सुमारें पन्नास किलोमीटर गाडी कोमट वाऱ्यांत हांकीत आम्ही त्याच्याकडे पोंचलों. सर्व हकीकत ऐकून तो हंसला नाहीं, हें त्याचें सौजन्य. त्यानें गॅस काढून घेण्याच्या यंत्रास गाडी जोडली, कॉम्प्रेसर उतरविला, आणि फडताळांतून आंकडे घातलेलें कांचेचें एक मापपात्र काढलें. कॉम्प्रेसरमधील तेल त्यांत ओतून त्यानें पात्र डोळ्यांच्या पातळीस धरलें व आंकडा वहींत लिहिला. नंतर नळ्या व कूलिंग कॉइल यांतून कोरडा नायट्रोजन सोडून निघालेलें तेल मोजलें. बेरीज दोनशें मिलिलिटरांच्या वर गेली. गाडीच्या पुस्तिकेंत एकूण तेल दिलें होतें १२०.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुम्ही वर्गात प्रत्येक उदाहरणानंतर विचारायचा, ताळा घेतला का? या गाडीचा ताळा कोणीच घेतलेला नाही."

हें तेल कशासाठीं, तें त्यानें ज्या रीतीनें सांगितलें त्याच रीतीनें वाचकांस सांगतों. एसी म्हणजे एक बंद वाटोळा मार्ग. कॉम्प्रेसर वायूस दाबतो. दाबलेला तप्त वायु कंडेन्सरमध्यें बाहेरच्या वाऱ्यानें निवून द्रव होतो. तो द्रव एका अरुंद झडपेंतून सुटून गाडीच्या आंतील कूलिंग कॉइलमध्यें उकळतो, आणि उकळतांना लागणारी उष्णता आंतील हवेंतून ओढून घेतो. उरलेला वायु पुन्हां कॉम्प्रेसरकडे जातो. या मार्गांत अखंड घासणारा भाग एकच, तो कॉम्प्रेसर. त्याचें वंगण तेंच हें तेल. परंतु इंजिनाप्रमाणें तें तळाशीं सांठून राहत नाहीं. वायूबरोबर धुक्यासारखें निघून सगळ्या नळ्यांतून हिंडतें व फिरून कॉम्प्रेसरकडे येतें. आमच्या भागांत दूध व द्राक्षें थंड ठेवण्यासाठीं अमोनियावर चालणारीं मोठीं शीतयंत्रें असतात. तेथें तेल अमोनियांत विरघळत नाहीं, जड असल्यामुळें खालीं बसतें व तोटी उघडून काढतां येतें. मोटारींत तशी सोय नाहीं. येथें तेल व गॅस एकमेकांत मिसळूनच फिरले पाहिजेत, नाहीं तर गेलेलें तेल परत येत नाहीं.

यावरून तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं, हें तेल बाहेरून दिसत नाहीं. इंजिनाच्या तेलास मोजपट्टी असते. आजच्या बहुतेक मोटारींच्या एसीस ती नाहीं. म्हणून आंत किती आहे हें कळण्याचा मार्ग एकच, काय काढलें व काय घातलें याचा हिशेब. दुसरी ही कीं, तेल सर्वत्र पसरलेलें असल्यामुळें कोणताहि भाग बदलला तरी त्याबरोबर थोडें तेल जातें. आमचा फुटका कंडेन्सर भंगारांत गेला तेव्हां आपल्या वांट्याचें तेल घेऊन गेला. शिवाय फुटलेल्या जागेंतून गॅसबरोबर उडालें तें वेगळेंच. तिसरी ही कीं, गॅस कमी होणें व तेल कमी होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. बारीक छिद्रांतून महिनोन्‌महिने गॅस झिरपला तर तेल फारसें जात नाहीं, म्हणून दरवेळीं गॅसबरोबर तेल घालीत गेल्यास तें सांठत जातें. उलट नळी एकदम फुटली तर तेलहि झपाट्यानें जातें. जोडापाशीं तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर गळती तेथेंच असण्याचा संभव फार.

तेल कमी पडलें म्हणजे काय होतें, तें उंडवडीच्या माळावर आम्हीं पाहिलें. धातू धातूवर घासतो, तापतो, झिजतो व अखेर आवळतो. आणि मरतांना आपला चुरा सगळ्या नळ्यांत पसरवून ठेवतो. तेल अधिक झालें तर काय, तें आमच्या कोमट वाऱ्यानें सांगितलें. जास्तीचें तेल कूलिंग कॉइलच्या आंतल्या अंगास थर धरून बसतें, त्यामुळें बाहेरची उष्णता आंतील द्रवापर्यंत नीट पोंचत नाहीं. तें जागा अडवितें, दाब वाढवितें. आणि वायूऐवजीं द्रवाचा लोंढा कॉम्प्रेसरमध्यें शिरला तर आंतले भाग मोडण्याचीहि भीति असते, कारण वायु दाबतां येतो, द्रव दाबला जात नाहीं. तेव्हां 'थोडें जास्त असलेलें बरें' हा स्वयंपाकघरांतील न्याय येथें लागू नाहीं.

आमच्या बारामतीस राहून कविवर्य मोरोपंतांनीं (१७२९–१७९४) आर्यांची केवढी रास रचली हें वाचकांस माहीत आहे. आर्येच्या पूर्वार्धांत ३० मात्रा, उत्तरार्धांत २७. उत्तरार्धांतहि ३० झाल्या कीं ती गीति होते; पंतांच्या ज्यांना आपण आर्या म्हणतों त्यांतील पुष्कळ शास्त्रतः गीतिच आहेत. एक शब्द काढावयाचा तर त्याच्या मात्रा मोजून तितक्याच मात्रांचा दुसरा शब्द तेथें बसविला पाहिजे. कमी पडली तर चरण लंगडतो, जास्त झाली तर अडखळतो. चाळीस वर्षें हें शिकविणाऱ्या माणसास मोटारीचा एक भाग काढतांना त्याबरोबर गेलेल्या मात्रा भरून द्याव्या लागतील हें सुचूं नये, याचें आम्हांस आजहि नवल वाटतें.

आतां प्रत्यक्ष रीत. लहान मोटारींच्या एसींत एकूण तेल बहुधा १०० ते २०० मिलिलिटरांच्या दरम्यान असतें. म्हणजे चहाच्या एका पेल्याहून फारसें अधिक नाहीं. खरा आंकडा त्या त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेंत दिलेला असतो व तोच मानावा. भाग बदलला तर किती घालावें, हेंहि तेथें असतें. ठोकळ मानानें कंडेन्सरसाठीं तीस-चाळीस, कूलिंग कॉइलसाठीं तीस ते साठ, ओल शोषणाऱ्या ड्रायरसाठीं दहा-पंधरा व एखाद्या नळीसाठीं दहाएक मिलिलिटर असे आंकडे आढळतात. हे आंकडे ताळा पाहण्यापुरते आहेत. पुस्तिकेच्या जागीं ते वापरूं नयेत.

कॉम्प्रेसर बदलतांना चूक होण्याचा संभव सर्वांत अधिक. नवा कॉम्प्रेसर पुष्कळदां सबंध यंत्रास पुरेल इतकें तेल पोटांत घेऊनच कारखान्यांतून येतो. तो तसाच बसविला तर नळ्यांत उरलेलें जुनें तेल अधिक हें नवें, अशी दुप्पट भरती होते. म्हणून जुन्या कॉम्प्रेसरमधील तेल आधीं मोजावें. समजा, त्यांतून ५० मिलिलिटर निघालें व नव्यांत १२० आहे. तर नव्यांतून ७० काढून ५० ठेवावें. जुन्याच्या आंतल्या भिंतींस चिकटून राहिलेल्या तेलासाठीं दहा-वीस मिलिलिटर अधिक ठेवण्यास कित्येक कारखाने सांगतात. परंतु येथें एक मेख आहे. जुन्यांतून अगदींच थोडें निघालें, किंवा काळें व चमचमणारें निघालें, तर ती उणीव नव्यांत जशीच्या तशी उतरविणें म्हणजे चुकलेल्या उदाहरणाची नक्कल करणें होय. अशा वेळीं सर्व मार्ग धुऊन रिकामा करावा, ड्रायर नवा बसवावा, व पुस्तिकेंतील पूर्ण आंकड्यापासून पुन्हां आरंभ करावा. आमच्या गाडीस हेंच करावें लागलें. पहिल्या कॉम्प्रेसरचा चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक मार्गांत अडकला होता; तो धुऊन निघेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वीं घेतलेला कंडेन्सरहि टाकावा लागला. चारशें रुपयांच्या ओळीची किंमत शेवटीं किती हजारांवर गेली, तो आंकडा आम्हीं घरांत दोनदां सांगितला नाहीं.

गॅस यंत्रानें काढून घेतांना त्याबरोबर थोडें तेलहि येतें व यंत्राच्या लहान बाटलींत वेगळें सांठतें. काम करण्यापूर्वीं व नंतर त्या बाटलीचा आंकडा पाहावा, आणि जितकें आलें तितकें नवें तेल परत घालावें. निघालेलें जुनें तेल पुन्हां वापरूं नये.

तेलाची जातहि मापाइतकीच महत्त्वाची. १९४० सालच्या नमुन्याच्या अमेरिकन पॅकार्ड मोटारींत असें यंत्र प्रथम विकत मिळूं लागलें. त्यानंतर कित्येक दशकें मोटारींच्या एसींत आर-१२ हा वायु व त्यासोबत खनिज तेल वापरीत. तो वायु वातावरणांतील ओझोनचें कवच खातो असें आढळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानें तो टप्प्याटप्प्यानें बंद झाला, व त्याच्या जागीं आर-१३४ए आला. या नव्या वायूंत खनिज तेल विरघळत नाहीं, म्हणून 'पॅग' नांवाचें कृत्रिम तेल आलें. त्याचेहि ४६, १००, १५० असे दाटपणाचे भेद आहेत. जो भेद कॉम्प्रेसरवर किंवा पुस्तिकेंत लिहिला असेल तोच घालावा. विजेवर चालणाऱ्या व अर्ध्या विजेवरच्या गाड्यांत कॉम्प्रेसरची विजेची मोटर त्याच तेलांत बुडालेली असते. तेथें वीज वाहूं न देणारें 'पीओई' जातीचें विशिष्ट तेल लागतें, व पॅग तेलाचा थोडा अंश मिसळला तरी विजेचें आवरण बिघडून धोका संभवतो. अशा गाडीस हात लावण्यापूर्वीं कारागिराचीं उपकरणेंहि निराळीं आहेत कीं नाहींत, हें विचारावें.

पॅग तेलास आणखी एक खोड आहे. पावसाळ्यांत उघडें राहिलेलें मीठ जसें ओल धरतें, तसें हें तेल हवेंतली ओल ओढून घेतें. म्हणून बाटलीचें बूच काम होतांच घट्ट लावावें, व महिनाभर उघडी पडलेली बाटली वापरूं नये. ओल आंत गेली तर झडपेपाशीं तिचा बर्फ होऊन वाट अडते, व कालांतरानें आम्ल होऊन धातू खाल्ला जातो. यासाठींच गॅस भरण्यापूर्वीं पंपानें आंतली हवा काढून निर्वात करतात. दाब पुरेसा उतरला म्हणजे पाणी साध्या उष्णमानावरहि उकळून वाफ होतें व बाहेर पडतें. हें काम निदान अर्धा तास चालावें. चहा पिईपर्यंत उरकलेला निर्वात हा निर्वात नव्हे. तेल मात्र या रीतीनें निघून जात नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें.

हीं कामें घरीं करावयाचीं नाहींत. आंतला गॅस मोठ्या दाबाखालीं असतो, व तो डोळ्यांवर किंवा हातावर उडाला तर क्षणांत कातडी गोठवितो. शिवाय आर-१३४ए ओझोनास अपाय करीत नसला तरी वातावरण तापविण्याची त्याची शक्ति कर्बद्विप्राणिदाच्या हजारपटीहून अधिक आहे. याच कारणास्तव युरोपांत २०१७ पासून नव्या मोटारींत तो घालूं देत नाहींत. तेव्हां 'जुना गॅस सोडून देतों' असें म्हणणारास थांबवावें. तो यंत्रांत काढून घेतां येतो.

गृहस्थानें करावयाचें तें इतकेंच. गाडी देतांना विचारावें: या गाडीचें एकूण तेल किती व कोणत्या जातीचें? काढलेल्या भागांतून किती निघालें? घातलें किती? निघालेल्याचा रंग कसा होता? आणि हीं चार उत्तरें पावतीवर लिहून घ्यावीं. जो कारागीर मोजतो त्यास या प्रश्नांचा राग येत नाहीं, उलट आनंद होतो, असा आमचा अनुभव आहे. जो 'अंदाजानें घालतों' म्हणतो, त्याच्यापाशीं अदबीनें मापपात्राची चौकशी करावी. मात्र कमी घाला किंवा जास्त घाला असें आपण सांगूं नये. तो आंकडा आपला नव्हे, कारागिराचाहि नव्हे. तो यंत्राचा आहे. आम्हीं पहिल्यानें कंजूषपणानें व दुसऱ्यानें उदारपणानें त्यांत ढवळाढवळ केली, आणि यंत्रानें दोहोंचें फळ सारखेंच दिलें.

इंदापूरच्या विद्यार्थ्यानें मोजून १२० मिलिलिटर भरलें, गॅसहि वजन करून घातला, आणि वहीचें पान फाडून आमच्या हातीं दिलें. खालीं लिहिलें होतें: 'ताळा जमला.' परत येतांना लासुर्ण्याजवळ सूनबाईंनीं गारवा कमी करावयास सांगितलें, तेव्हां आम्हांस किती बरें वाटलें तें सांगतां येत नाहीं.

वहिनी आतां पूर्ववत् हिंडूं-फिरूं लागल्या आहेत. घरीं आल्यावर आम्हीं धीर करून त्यांना सगळें सांगितलें, खोडलेल्या ओळीसकट. त्या देवघरांत समईत तेल घालीत होत्या. पन्नास वर्षें हें काम त्यांच्याकडे आहे.

"भावोजी," त्या न वळतांच म्हणाल्या, "कमी घातलं तर वात जळते, जास्त घातलं तर वात बुडते नि ओघळ पाटावर येतो. म्हणून मी या पळीनं मोजून घालते. तुम्ही मला विचारलं असतंत तर?"

विचारलें नाहीं, हें खरें. पुण्याची पुढची खेप येत्या आठवड्यांत आहे. वहिनींनीं गाडींत बसण्यास होकार दिला आहे. मात्र वहीचें तें पान गाडीच्या खणांत ठेवलें आहे कीं नाहीं, हें त्यांनीं स्वतः उघडून पाहिलें.